हळदीकुंकू लावलेले तीन तुकडे

दादा आमच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा आला, तेव्हा त्यानं चपला दाराबाहेर काढल्या. आत सगळेच पायात घालून वावरत होते. मी म्हटलं, "अरे, घाल की. खाली काच असते."

"राहू दे," तो म्हणाला. "तुमचं देवघरच हाय हे."

अनवाणीच आत येऊन त्यानं खांद्यावरची खताची रिकामी पिशवी टेबलावर ठेवली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले प्लास्टिकचे पांढरे तुकडे होते. भिंतीला लावतात त्या पॅनलचे, तळहाताएवढे कापलेले. कापलेल्या कडा त्यानं पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करून आणल्या होत्या. कडांना काही काम नव्हतं, पण तो तसाच आहे.

मी तेव्हा नांदेडला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माझा सख्खा मोठा भाऊ लातूरला पॅनल बसवायचं काम करायचा, अजूनही करतो.

आमचं गाव औसा तालुक्यात. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा दादा पाच वर्षांचा होता. दगडमातीची भिंत त्याच्या अंगावर आली. आईनं आणि काकांनी हातांनी दगड उपसून त्याला बाहेर काढलं. त्याचा डावा पाय वाचला, पण थोडा आखूड राहिला. मी पुढच्या वर्षी पत्र्याच्या शेडात जन्मले, त्यामुळे माझ्याकडे भूकंपाची आठवण नाही. दादाची सवय तेवढी आहे. तो भिंतीला टेकून बसत नाही. खाट खोलीच्या मधोमध ओढून झोपतो. पाहुण्यांकडे गेला तरी हेच, मग लोक हसतात आणि तोही हसतो.

शाळेत त्याचं मन लागलं नाही. लातूरला जाऊन आधी पीओपीचं, मग पॅनलचं काम शिकला. तेव्हा लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. कुठून कुठून पोरं येत होती, उदगीरहून, नांदेडहून, पार विदर्भातून. ज्याच्याकडे दोन खोल्या रिकाम्या त्यानं होस्टेल काढलं, ज्याच्याकडे हॉल त्यानं अभ्यासिका. एका हॉलच्या चार खोल्या करायच्या, नाहीतर ओल आलेली भिंत पोरांच्या बापांना दिसू नये म्हणून झाकायची, तर पॅनलवाला हवाच. दादाला हे काम मनापासून आवडायचं. लांबलचक पॅनल एका बोटावर तोलून तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, "ही अंगावर पडली तरी खरचटणार न्हाई." गिऱ्हाइकाला तो विनोद वाटायचा.

त्यातल्याच एका क्लासला मीही दोन वर्षं जात होते. मोटारसायकलवर दादा सोडायचा. मी डॉक्टर व्हावं असं घरात सगळ्यांना वाटत होतं, मलाही बहुतेक वाटत होतं. नंबर लागला नाही. आई रडली. दादा एवढंच म्हणाला, "डॉक्टर न्हाई तर न्हाई. थांबू नको, पुढं शीक." नंतर तो लोकांना सांगायला लागला, "आमची बहीण जंतूंची डॉक्टर हाय." मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

त्या तुकड्यांची गोष्ट अशी होती. औशाला एका डॉक्टर मॅडमचं छोटं प्रसूतिगृह होतं. कमी वजनाच्या आणि कावीळ झालेल्या बाळांसाठी त्यांना वेगळी खोली करायची होती, चार बाळं मावतील एवढी. दादा तोवर कुणाच्या ना कुणाच्या हाताखाली काम करत आला होता. हे त्याचं स्वतःचं पहिलं काम. डीलरकडे नुकतंच नवीन पॅनल आलं होतं. खोक्यावर ढालीचं चित्र होतं आणि हे पॅनल जंतू मारतं असं छापलेलं होतं. दादानं ते मॅडमना दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "कशावरून?"

"बहिणीकडून तपासून आणतो," दादा म्हणाला.

मी आमच्या सरांना विचारलं. सरांनी दादानं पाठवलेला खोक्याचा फोटो मोठा करून पाहिला. "कर की. तुझाही हात बसेल. पण साध्या पॅनलचे तुकडे पण मागव. तुलनेशिवाय काय बोलणार आपण?" म्हणून दादानं तीन साधे तुकडेही आणले होते. म्हणजे तीन जंतू मारणारे आणि तीन साधे.

पद्धत तशी अवघड नाही. वाढवलेल्या जिवाणूंचं पाणी मोजून प्रत्येक तुकड्यावर टाकायचं. ते सुकू नये म्हणून वर पातळ प्लास्टिक झाकायचं. मग तुकडा ओल्या कापसाबरोबर डबीत बंद करून एक दिवस इनक्युबेटरमध्ये, म्हणजे उबेच्या कपाटात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तुकडा धुऊन ते पाणी काचेच्या बशीतल्या खाद्यावर पसरायचं आणि परत उबेला ठेवायचं. जितके जिवाणू जिवंत राहिले असतील तितके ठिपके बशीत उगवतात. ठिपक्यांना आम्ही कॉलनी म्हणतो. त्या मोजायच्या, बस.

मी सुरुवात करणार तेवढ्यात खंडेनवमी आली. आमच्या विभागात खंडेनवमीला उपकरणांची पूजा व्हायची. सकाळी आम्ही मुलींनी टेबलं पुसली. सूक्ष्मदर्शक ओळीनं मांडले. इनक्युबेटरला झेंडूची माळ घातली, ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेनं जंतू मारायच्या भांड्याला, कुंकवाची बोटं ओढली. पेढे आले. सर बाजूला उभे राहून म्हणाले, "इनक्युबेटरच्या आत तेवढी फुलं घालू नका गं, मागच्या वर्षी बुरशी आली होती." सगळे हसले.

घरी आम्ही खंडेनवमीला दादाचं ड्रिल, स्क्रूची डबी, पट्टी सगळं पाटावर मांडतो. त्या वर्षी मी घरी नव्हते. मला वाटलं, दादाचं पहिलं काम इथं आपल्या टेबलावर आहे. ते तीन तुकडे मी काढले, सूक्ष्मदर्शकाशेजारी मांडले, त्यांना हळदीकुंकू लावलं आणि एकेक पाकळी ठेवली. साध्या तुकड्यांना नाही लावलं. ते तुलनेसाठीच होते, ते वर्तमानपत्रातच राहिले.

संध्याकाळी बघते तर कुंकू पांढऱ्या प्लास्टिकवर बसलेलं. कोरड्या फडक्यानं जाईना. टेबल पुसायचं उग्र वासाचं जंतुनाशक पाणी होतं, त्यात फडकं बुडवून मी तिन्ही तुकडे घासघासून पुसले, अगदी डाग राहू नये इतके. दसऱ्याच्या सुट्टीत ते तसेच वाळत राहिले. सुट्टीनंतर नियमाप्रमाणे सगळे तुकडे स्पिरिटनं आणि निर्जंतुक पाण्यानं धुवायचे होते. साधे तीन मी धुतले. बाकीच्या तिघांकडे बघून मला वाटलं, हे तर आधीच एवढे पुसलेत, आणखी कशाला.

दोन दिवसांनी मी बशा उघडल्या. साध्या तुकड्यांच्या बशा ठिपक्यांनी गच्च भरलेल्या, मोजायची सोय नाही. दादाच्या नव्या पॅनलच्या तिन्ही बशा स्वच्छ. एकसुद्धा कॉलनी नाही.

मी वहीच्या पानावर तक्ता केला, शून्य, शून्य, शून्य असं लिहिलं, खाली सही केली आणि पानाचा फोटो दादाला पाठवला. लगेच त्याचा फोन आला.

"म्हंजे काय झालं गं?"

"सगळे मेले, दादा."

"सगळे?"

"सगळे."

मग लांबून आवाज आला, तो कुणाला तरी सांगत होता, "ऐकलं का रे, सगळे मेले म्हणती."

सरांना तक्ता दाखवला तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली. "इतकं चांगलं? पुन्हा कर. नवीन तुकडे घे. एकदा आलेलं उत्तर मी धरत नाही." मी दादाला तसं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मला वाटलं, पुन्हाही तेच येणार, मग उगाच त्याच्या मनात कशाला किंतु घालायचा. मध्ये दिवाळी आली. दादानं एसटीच्या पार्सलनं नवीन तुकडे पाठवले आणि तिकडं खोलीचं काम सुरू केलं.

दिवाळीनंतर सगळे तुकडे नियमानं धुऊन मी प्रयोग परत केला. सगळ्या बशा भरून आल्या. साध्या पॅनलच्या आणि ढालीच्या चित्रवाल्या पॅनलच्याही. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. तिसऱ्यांदा केला. तेच. कुठली बशी कुठल्या तुकड्याची हे चिठ्ठी वाचल्याशिवाय सांगता येत नव्हतं.

"पहिल्या वेळी वेगळं काय केलंस?" सरांनी विचारलं.

"काहीच नाही, सर." मी वही पुढं केली. वहीत सगळं होतं, तारीख, तापमान, पाण्याचं माप. सर पानं उलटत राहिले. मी उभी होते आणि समोरच्या ऑटोक्लेव्हच्या मुठीपाशी सुकलेल्या कुंकवाचं बोट अजून तसंच होतं. तेव्हा मला पूजेचे ते तीन तुकडे आणि त्यांचं न धुणं आठवलं.

मी सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साध्या पॅनलचा तुकडा घे. तेच कुंकू लाव, त्याच पाण्यानं पूस, दोन दिवस वाळव. मग बघू."

साध्या प्लास्टिकच्या त्या तुकड्यावरसुद्धा एक जंतू राहिला नाही. पॅनलनं काहीच मारलं नव्हतं. मी न धुता ठेवलेल्या जंतुनाशकानं मारलं होतं.

"हे वहीत का नाही लिहिलंस?" सर म्हणाले.

"सर, पूजा वहीत कशी लिहायची?"

त्यांना हसू आलं. मग माझ्याकडे बघून ते थांबले. "भावाला कळवलंस?"

"तुम्ही सांगाल का, सर?"

"मी? मी कोण त्याचा?"

त्या दिवशी मी दादाला तीन वेळा फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही, दुसऱ्यांदा ड्रिलच्या आवाजात काही ऐकू गेलं नाही. तिसऱ्यांदा मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "ये की एकदा औशाला. झाली खोली. मॅडमनी बाळं बी ठेवलीत आत."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाले. अहमदपूर, लातूर, मग औसा. वाटेत मी मनात वाक्य जुळवत होते. कुठल्याही वाक्याची सुरुवात हळदीकुंकवापासून केली की ते खोटं वाटायचं.

प्रसूतिगृहाच्या पायऱ्यांवर दादा वाट बघत होता. नवा शर्ट घातला होता. मला थेट त्या खोलीच्या दाराशी घेऊन गेला. दाराला काच होती. आत पांढऱ्याशुभ्र भिंती, सांधे एका रेषेत, कोपऱ्यात काविळीच्या निळ्या उजेडाखाली डोळे बांधलेलं एक बाळ, दोन बाळं उबेच्या पेट्यांत. आणि दारावर, काचेशेजारी, माझ्या वहीच्या पानाचा लॅमिनेट केलेला फोटो. शून्य, शून्य, शून्य. खाली माझी सही.

"लई जणांनी वाचलं," दादा म्हणाला.

दारापाशी स्टुलावर तिथल्या आयाबाई बसल्या होत्या, सगळे त्यांना खाला म्हणत. त्या माझ्याकडे बघून हसल्या. "तुमीच ना बहीण इनकी? अच्छा हुआ बाई. पुराने कमरे में रोज दो बार दीवारां पुछना पडता था. मॅडम बोली, अब जरूरत नई, दीवारां खुद मारतीं. तो मैं बैठ गई."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी इतके दिवस दादाचं काय होईल एवढाच विचार करत होते.

मी दादाला बाहेर, मोटारसायकलपाशी नेलं आणि सगळं सांगितलं. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. तो खाली बघून ऐकत होता.

"म्हंजे पहिलं चुकलं," तो म्हणाला.

"हो."

"आन् पॅनल?"

"साध्यासारखंच आहे. काही फरक नाही."

"पण खोक्यावर छापलंय की."

"छापलंय."

"त्यांनी तपासलं नसंल?"

"असेल. कसं तपासलं, मला माहीत नाही. मला दोनदा फरक दिसला नाही एवढंच मला माहीत आहे."

त्यानं आरशावरची धूळ अंगठ्यानं पुसली. मग एकदम म्हणाला, "पण पुसलेले मेले ना? तू पुसलेस तेव्हा?"

"दादा, कुठलीही भिंत पुसली तर मरतात. शेणाची सोडून."

मला हसवायचं नव्हतं, पण तो हसला. मग मोटारसायकलवर आडवा बसून त्यानं आखूड पाय दोन्ही हातांनी चोळला. थंडीत तो दुखतो, पण तेव्हा तेवढी थंडी नव्हती.

"तू बोलू नको," तो म्हणाला. "मी बोलतो मॅडमशी."

मॅडम दोन तपासण्यांच्या मधल्या वेळात भेटल्या. दादा टेबलाच्या पलीकडं उभाच राहिला. "मॅडम, ती भिंत साधीच हाय. जंतूबिंतू मारत न्हाई. माझंच ऐकण्यात चुकलं."

"चूक माझी आहे," मी म्हणाले. आणि मग खंडेनवमीपासून सगळं सांगितलं.

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पुढच्या पेशंटला बाहेर थांबायला सांगितलं. "कालच एक बाळ लातूरला पाठवलं मी," त्या म्हणाल्या. "ताप उतरेना म्हणून."

"त्या भिंतीमुळे…" मी विचारायला गेले.

"काय सांगू? सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ. त्याला शंभर कारणं असतात. भिंत असेल, नसेल. आता ते कुणाला सांगता येणार नाही." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला येईल?"

मला येणार नव्हतं. भिंतीवरून नमुना घेतला असता तरी कालचं काही कळलं नसतं.

दादा म्हणाला, "मी पॅनल काढून देतो, मॅडम. आजच्या आज."

"आणि ड्रिलची धूळ? आतली तीन बाळं कुठं हलवू मी? लातूरला जागा नाही म्हणतात." त्या उठल्या. "राहू दे भिंत. भिंतीचं काही वाईट नाही. खालाला सांगते, पहिल्यासारखं पुसायला लागा."

"त्याला सांधे हायत," दादा म्हणाला. "नुसतं वरून पुसून सांध्यातलं निघत न्हाई. मी दाखवतो त्यांना."

मॅडमनी दारावरचं पान स्वतः काढलं आणि घडी होत नाही म्हणून तसंच माझ्या हातात दिलं.

सिस्टरनं दादाला हात धुवायला लावले, टोपी दिली, तोंडाला मास्क बांधला. मी पण येते म्हटलं, तर म्हणाली, "बसमधून आलात ना? नको." म्हणून मी काचेबाहेर उभी राहिले. आत दादा वरच्या पट्टीपासून सुरुवात करून एकेक सांधा फडक्याच्या टोकानं खरवडत खाली येत होता, खालाला हातानं दाखवत होता, आणि खाला मान हलवत होत्या. खालच्या पट्ट्यांसाठी तो जमिनीवर बसला. भिंतीला खांदा लावून त्यानं कोपऱ्यातली रेघ पुसली.

बाकावर एक बाई बसल्या होत्या, माझ्या आईच्या वयाच्या. शिरूर अनंतपाळकडच्या. आतलं निळ्या उजेडाखालचं बाळ त्यांच्या लेकीचं. त्यांनी विचारलं, "तुमी डॉक्टर का?"

"नाही."

"तो पोरगा काय करायलाय आत?"

"भिंत पुसतोय."

"ती तर आपोआप मारती म्हणत होते."

"नाही, मावशी. पुसावी लागते."

त्यांनी काचेतून आत बघितलं. दादा उठून दुसऱ्या भिंतीकडं वळला होता. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता रोज पुसतील ना?"

खाला एकट्या होत्या. त्यांनाच लादी, कपडे, बाळंतिणींचं पाणी, सगळं बघायचं होतं. दोन दिवस, चार दिवस, फार तर पंधरा दिवस पुसतील, पुढचं मला दिसत होतं. त्या बाईंनी परत विचारलं, "रोज ना?"

मी हो म्हटलं.